तुमचा काठीवाला कोण?



जिद्दीच्या गोष्टी तुम्ही भरपूर ऐकल्यात. आज मला एका काठीबद्दल बोलायचंय.

जपानचा केइची किमुरा. दोन वर्षांचा असताना त्याची दृष्टी गेली. बाहेर खेळताना सारखं लागायचं, म्हणून आईने दहाव्या वर्षी पोहायला घातलं. पाण्यात कशावर आपटणार? पण तलावालाही भिंत असतेच ना! पूर्ण अंध जलतरणपटूंच्या एस-११ गटात काळा गॉगल सक्तीचा असतो. कुणाला अंधुक उजेडाचाही फायदा नको. मग भिंत आली हे कळणार कसं? त्यासाठी टोकाला एक माणूस उभा असतो, टॅपर. हातात लांब काठी, काठीच्या टोकाला मऊ गोळा. पोहणारा भिंतीजवळ आला की डोक्यावर किंवा पाठीवर हलकेच टपली. लवकर मारली तर वेळ वाया, उशीर झाला तर हात भिंतीवर. आणि टॅपर असायलाच हवा, असा नियमच आहे.

धंद्यात असा नियम नाही, आणि माझ्या मते बरेच जण तिथेच आपटतात. उधारी किती थकली, गल्ल्यातली रोकड किती दिवस पुरेल, हे वेळेत सांगणारं कुणी आहे तुमच्याकडे? घरचे म्हणतात, छान चाललंय. सीएकडे आपण जाणार रिटर्न भरायच्या आठवड्यात. त्यापेक्षा आठवड्याला तासभर बसणारा हिशेबनीस ठेवा, आणि तो वाईट आकडा बोलला की चिडू नका. टपली बसली म्हणून किमुरा काठीवाल्याशी भांडत नाही!

२०१६ला रिओत त्याला चार पदकं मिळाली, पण सुवर्ण एकही नाही. ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये अमेरिकेच्या ब्रॅड स्नायडरने त्याला हरवलं. मग २०१८मध्ये हा पठ्ठ्या थेट बाल्टिमोरला गेला, स्नायडरच्याच कोचकडे, ब्रायन लोफ्लरकडे. इंग्रजी जेमतेम. (आपण समोरच्या दुकानाची पायरीसुद्धा चढत नाही, हे आठवलं.)

२०२१ला टोकियोत १०० मीटर बटरफ्लायचं सुवर्ण मिळालं. २०२४ला पॅरिसमध्ये तेच पुन्हा, शिवाय ५० मीटर फ्रीस्टाइलचंही. ५० मीटरला तर वळायचंही नसतं. तरी शेवटच्या भिंतीपाशी काठी घेतलेला माणूस उभा होताच.