गिरणीची वास्तू कोणाची?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप मोडला आणि पुढे एकेक गिरणी बंद पडली. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीत महापालिका व म्हाडा यांना सुमारे एकेक तृतीयांश वाटा दिला होता. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या जमिनीपुरती संकुचित केली; २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती ग्राह्य धरली.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक २ व ३ मध्ये महापालिकेने वस्त्रोद्योग संग्रहालय योजिले, हे स्वागतार्ह आहे. परंतु कामगार ही केवळ काचेआड ठेवण्याची वस्तू नाही. अण्णाभाऊ साठे व अमर शेख यांची शाहिरी, नारायण सुर्वे यांची कविता याच श्रमिकांच्या आश्रयाने वाढली. म्हणून या वास्तूत भजनी मंडळांना, दशावतारी मंडळांना व कामगार नाट्यसंस्थांना अल्प भाड्यात तालमीची जागा मिळावी आणि व्यवस्थापनात कामगार कुटुंबांचे प्रतिनिधी असावेत. जमिनीचे मूल्य समाजाच्या श्रमाने वाढते. त्याचा अंश समाजाने परत मागणे ही भीक नव्हे, तो हक्क आहे. साथींनी ही मागणी चाळीचाळींतून उठविली पाहिजे.