मन घट्ट कर, पण कशाच्या आधाराने?

‘मन घट्ट कर, हेही दिवस जातील.’ पिंपरी-चिंचवडमध्ये कुणाची नोकरी गेली की हे वाक्य आधी घरचे ऐकवतात, मग मित्र, आणि पुढे एखादा व्याख्याताही. कंपन्यांच्या ट्रेनिंग हॉलमध्ये तेच जरा सजवून सांगितले जाते. परिस्थिती तुमच्या हातात नाही, प्रतिक्रिया मात्र आहे. तेव्हा जो खचला त्याचे मन कमी पडले. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो. तरीही या विधानाचा उत्तरार्ध चुकीचा आहे, आणि भोसरीपासून चाकणपर्यंत त्याचा जाच सोसणारी माणसे थोडीथोडकी नाहीत.

आधी पूर्वपक्ष नीट मांडायला हवा, कारण त्यात तथ्य आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1950 च्या दशकात विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. तिचे सूत्र असे की घटना आणि भावना यांच्या मध्ये विचार असतो आणि तो तपासून बदलता येतो. ‘नोकरी गेली’ हे वास्तव आहे. ‘नोकरी गेली म्हणजे मी कुचकामी ठरलो’ हा त्यावर चढवलेला अर्थ. हा फरक ओळखायला शिकलेला माणूस लवकर सावरतो. शिवाय रोजचा अनुभवही या पक्षाच्या बाजूने साक्ष देतो. एकाच लाइनवरच्या दोघांना एकाच दिवशी घरी बसवले, तर एक जण महिनाभरात रिक्षा चालवायला लागतो आणि दुसरा घराबाहेर पडत नाही. परिस्थिती सारखी, परिणाम वेगळा. मग फरक मनाचाच नव्हे काय?

इथेच घाई होते. हाच प्रश्न घेऊन एमी वर्नर यांनी हवाई बेटांपैकी काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या 698 मुलांचा पुढची कित्येक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातले कलह, आईवडिलांचे आजार किंवा व्यसन अशा अनेक संकटांत एकाच वेळी सापडलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, कर्ती माणसे झाली. त्यांच्या स्वभावातले काही गुण उपयोगी पडले, हे खरे. पण त्यांच्यात पुन्हापुन्हा आढळलेली गोष्ट अशी की आजी, मावशी, शेजारीण किंवा शिक्षक यांपैकी निदान एक तरी भरवशाचे माणूस त्यांना लाभले होते. जिद्दीचा पुरावा म्हणून मिरवले जाणारे हे संशोधन खरे तर आधाराचा पुरावा आहे. रिक्षा चालवू लागलेल्या त्या कामगाराबद्दलही त्याचे मन किती घट्ट, एवढेच विचारून भागत नाही. परवाना आणि रिक्षा मिळेपर्यंत त्याचे घर कुणी चालवले, हेही विचारावे लागते.

दुसरा युक्तिवाद आपल्या म्हणीतच आहे: टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. संकटे माणसाला घडवतात, म्हणून फार जपू नका. ऑस्ट्रियातल्या मारिएन्थाल गावाने याला उत्तर दिले आहे. जागतिक मंदीच्या सुरुवातीला तिथली कापडगिरणी बंद पडली आणि बहुतेक सगळे गाव बेकार झाले. मारी याहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला आणि 1933 मध्ये तो प्रसिद्ध केला. लोकांकडे आता वेळच वेळ होता. तरी गावच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या जवळपास निम्म्यावर आली. रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांची पावले मंदावली. म्हणजे घाव बसले, आणि त्यांतून गाव घडले नाही, शांतपणे विझत गेले.

पिंपरीला हे कळायला ऑस्ट्रियापर्यंत जायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने 1954 मध्ये इथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशाच्या सार्वजनिक क्षेत्रात पेनिसिलिन तयार होऊ लागले. या उद्योगनगरीच्या पायाच्या दगडांपैकी ती एक. पुढे कंपनी आजारी पडली आणि कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकले. जुलै 2019 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सरकारी औषध कंपन्यांची कामगार देणी आणि स्वेच्छानिवृत्ती यांसाठी 330.35 कोटी रुपयांचे कर्जसाह्य मंजूर केले, त्यातले 280.15 कोटी एकट्या या कंपनीसाठी होते. त्यातून मिळणार होता तो केलेल्या कामाचा पगार आणि निवृत्तीचे पैसे. ज्याने काम केले आणि ज्याला पगार मिळाला नाही, त्याला सकारात्मक विचारांचा धडा देणे अन्यायाचेच ठरते.

पगार थांबला की घरात काय होते, हे कोणत्याही कामगार वस्तीत पाहायला मिळते. आधी किराणा दुकानातली उधारी वाढते. मग पतसंस्थेचा हप्ता चुकतो. हप्ते तुंबले की जामीन राहिलेल्या सहकाऱ्याच्या पगारातून कपात सुरू होते, आणि दहा वर्षे शेजारच्या मशीनवर उभे राहिलेले दोघे एकमेकांशी बोलेनासे होतात. पैशाची अडचण अशी माणसे तोडत जाते; आणि सावरायला तर माणसेच लागतात.

ठेकेदारीवरच्या तरुणाकडे तोडायलाही फारसे काही नसते. लातूर, नांदेड, बुलढाण्याहून आलेला मुलगा चाकण परिसरात कॉट बेसिसवर राहतो. खोलीतले सगळे वेगवेगळ्या पाळ्यांचे. तो तिसऱ्या पाळीहून येतो तेव्हा बाकीचे डबा भरून निघत असतात. ठरावीक महिने भरले की ठेकेदार ‘ब्रेक’ देतो, आणि पुन्हा नवी कंपनी, नवी खोली. ‘कुणाशी तरी मोकळेपणाने बोल’ हा सल्ला त्याने कुठे वापरायचा?

चढही माणसाला हलवतो, हे या पट्ट्याला चांगले ठाऊक आहे. जमिनीचे पैसे आले आणि जमीन विकून अचानक श्रीमंत झालेल्यांसाठी ‘गुंठामंत्री’ हा शब्द रूढ झाला. पैसा हातात टिकला नाही की ‘अक्कल नव्हती’ म्हणून लोक मोकळे होतात. पण पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, हडपसरच्या मगरपट्ट्यात, सतीश मगर यांच्या पुढाकाराने सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर जमीन एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भागीदारी घेतली. तेही शेतकरीच होते आणि भाववाढही त्याच शहराची होती. त्यांचा पैसा टिकला तो त्यांच्या रचनेमुळे.

मग माणसाच्या हातात काहीच नाही का? सगळा दोष व्यवस्थेचा, आपण बसून राहायचे, हे दुसरे टोकही तितकेच चुकीचे आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. ‘व्यसन सुटत नाही कारण इच्छाशक्ती नाही’ असे मानणाऱ्या समाजात त्यांनी इच्छाशक्तीला आखीव दिनक्रमाची, गटाची आणि घरी गेल्यावरच्या पाठपुराव्याची जोड दिली. व्यसनी माणसांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ गट चालवला. निश्चय त्या माणसालाच करावा लागतो, पण रोज तो टिकवायला शेजारी कुणीतरी लागते. एलिस यांचे तंत्रही असेच आहे: ते शिकता येते, म्हणजेच ते शिकवणारे कुणीतरी असावे लागते.

म्हणजे खंबीरपणा बांधता येतो, आणि बांधकामाचे बरेच साहित्य या पट्ट्यात पडून आहे. राज्य कामगार विम्यात 2018 मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना सुरू झाली. अटी पूर्ण करणाऱ्या विमाधारकाची नोकरी गेली, तर तीत पुढे सरासरी रोजच्या वेतनाच्या निम्मी रक्कम 90 दिवसांपर्यंत देण्याची तरतूद झाली. औद्योगिक संबंध संहिता, 2020 मध्ये कपात झालेल्या कामगारासाठी मालकाने 15 दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम कौशल्यनिधीत भरावी, असे कलम आहे. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर रात्रीच्या पाळीनंतरही समुपदेशक बोलतो आणि पैसे पडत नाहीत. हे सगळे कामगाराला कधी कळायला हवे? कपातीच्या पत्राबरोबर तरी नक्कीच, आणि खरे तर कामावर रुजू होतानाच.

तेव्हा ज्या व्यवस्थापनांना आणि कामगार संघटनांना मनःस्वास्थ्याची खरोखर काळजी आहे, त्यांनी पुढचे प्रेरणादायी व्याख्यान ठरवण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. ठेकेदाराच्या कामगारालाही ‘ब्रेक’ची पूर्वसूचना लेखी द्यावी. पतसंस्थांनी नोकरी गेलेल्या सभासदाचे हप्ते काही महिने पुढे ढकलण्याचा नियम करावा, म्हणजे जामीनदार आणि मित्र एकाच वेळी गमावावा लागणार नाही. आणि कामावरून कमी केलेल्या माणसाच्या घरी पहिल्या आठवड्यात संघटनेचा एक जण जाईल, अशी पाळी लावावी. जाताना त्याच्याकडे विमा योजनेचा अर्ज असावा, आणि तो भरून होईपर्यंत त्याने तिथेच बसावे.