रोपण झाले, बोलाचे काय?

जन्मतः कर्णबधिर असलेल्या बालकाच्या कानात कॉक्लिअर रोपण बसविले की शासनाचे कर्तव्य संपले, असा समज दृढ होऊ पाहत आहे. 2014 च्या सुधारित ‘अ‍ॅडिप’ नियमांत एक ते पाच वर्षांच्या बालकासाठी सहा लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली, ती स्वागतार्हच होती. तथापि रोपण ध्वनीची जाणीव देते, भाषा देत नाही. ती शिकवावी लागते आणि तिची प्रगती वेळोवेळी मोजावी लागते.

हे मोजमाप केवळ जन्मतारखेवरून करणे हा पहिला प्रमाद होय. दुसऱ्या वर्षी यंत्र सुरू झालेले मूल तीन वर्षांचे झाले तरी त्याचे श्रवणवय एकच वर्ष असते. ऐकणारे मूल साधारणतः दहाव्या महिन्यापर्यंत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी अक्षरे जोडू लागते. बधिर बालकात हा टप्पा लांबतो. म्हणून यंत्रानंतर प्रथम शब्द न मोजता ही बडबड तपासावयास हवी. म, ऊ, आ, ई, श, स हे सहा ध्वनी ओठ झाकून उच्चारले असता मूल दाद देते काय, हे तर आईलाही रोज घरी पाहता येते. एखादा ध्वनी ऐकू येईनासा झाला, तर यंत्राची तपासणी करण्याची ती सूचना असते.

खरी अडचण दुधनीसारख्या गावी आहे. अक्कलकोट तालुक्यातील या सीमावर्ती गावात घरी कन्नड व शाळेत मराठी असा व्यवहार पुष्कळ कुटुंबांत चालतो. केवळ मराठी शब्द मोजणारी चाचणी अशा मुलाची निम्मी कमाई हिशेबातून वगळते. बोली कन्नडात महाप्राण अनेकदा अल्पप्राण होतात. तेव्हा ‘ख’ ऐवजी ‘क’ म्हणणारे मूल ऐकण्यात चुकले की घरचेच बोलले, हा विवेक परीक्षकाला हवा.

1983 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या अली यावर जंग संस्थेसारखी तज्ज्ञ केंद्रे महानगरांत आहेत. दर खेपेस रोजगार बुडवून दूरच्या शहरी जाणे शेतमजुराला परवडत नाही. फेऱ्या थांबतात, मोजमापही थांबते आणि भाषा शिकण्याची मोलाची वर्षे निसटतात. तालुक्याच्या गावी वाचातज्ज्ञाचा ठरलेला दिवस, दोन्ही भाषांतील नोंदवही आणि अंगणवाडी सेविकेला साधे प्रशिक्षण यांचा खर्च शस्त्रक्रियेपुढे किरकोळ आहे. तो टाळला, तर लाखो रुपयांचे यंत्र कानावर राहील आणि मूल मात्र मुकेच राहील.