पडदा मिळाला, प्रेक्षक कोणता?

जपानी ‘गॉडझिला’ १९५६ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, तो मूळ रूपात नव्हे. १९५४ च्या त्या चित्रपटाचा बराच भाग अमेरिकी वितरकांनी कापला आणि रेमंड बर या नटाला अमेरिकी वार्ताहराच्या भूमिकेत उभे करून नवी दृश्ये जोडली. टोकियोत काय चालले आहे, हे तो वार्ताहर प्रेक्षकांना समजावून सांगत होता. पडद्यावर आपला माणूस असल्याशिवाय अमेरिकी प्रेक्षक जपानी गोष्ट पाहणार नाही, असे त्यामागचे गणित होते. त्यानंतर ६७ वर्षांनी, डिसेंबर २०२३ मध्ये, ‘गॉडझिला मायनस वन’ त्याच देशात जपानी भाषेत, इंग्रजी उपशीर्षकांसह झळकला. या वेळी मधला वार्ताहर नव्हता. वितरणही तोहो या मूळ जपानी निर्मितीसंस्थेच्या अमेरिकी शाखेनेच केले. चित्रपटाने तेथे सुमारे साडेपाच कोटी डॉलर मिळवले आणि दृश्य परिणामांचे ऑस्कर पटकावले.

पुढच्या बातम्या याहून मोठ्या होत्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ‘डेमन स्लेअर : इन्फिनिटी कॅसल’ या जपानी ॲनिमेशनपटाने अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांतच सुमारे सात कोटी डॉलर कमावले. आंग ली यांच्या ‘क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन’ने २००० साली प्रस्थापित केलेला परभाषक चित्रपटांच्या उत्पन्नाचा विक्रम त्याने मोडला. ‘पॅरासाइट’ने २०२० मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर घेतले, हे तर सर्वश्रुत आहे. अशा घटना एका सुतात ओवून ‘आशियाई सिनेमाची पश्चिमेवर स्वारी’ असे मथळे दिले जातात. परंतु जपान, कोरिया, चीन आणि भारत यांचे चित्रपट पश्चिमेच्या पडद्यावर एकाच वाटेने पोहोचत नाहीत. तेथे त्यांच्यासमोर बसणारा प्रेक्षकही एक नसतो.

भारतीय चित्रपटांचे आकडे पाहावेत. ‘बाहुबली २’ने २०१७ मध्ये उत्तर अमेरिकेत सुमारे दोन कोटी डॉलर मिळवले, तर २०२३ मध्ये ‘पठाण’ने पावणेदोन कोटींच्या आसपास. ‘द लंचबॉक्स’ या डबेवाल्यांच्या पार्श्वभूमीवरील छोट्या चित्रपटाला तेथे सुमारे ४२ लाख डॉलर मिळाले होते. आकड्यांपुरते पाहिले, तर पहिल्या दोघांपुढे तिसरा किरकोळ ठरतो. मात्र पहिल्या दोघांचे प्रेक्षक बहुतांशी न्यू जर्सीतील एडिसन, टेक्सासमधील डॅलसचा परिसर किंवा बे एरिया येथे राहणारे भारतीयच होते. अशा चित्रपटाचे खेळ आदल्या संध्याकाळपासून सुरू होतात. तिकीट पुष्कळदा हॉलिवूडपटापेक्षा महाग असते, मोठा गल्ला पहिल्या तीन-चार दिवसांत जमतो आणि लवकरच तो पडद्यावरून उतरतो. इंग्रजी वृत्तपत्रांत जाहिरात क्वचितच असते, कारण तिची गरज भासत नाही. व्हॉट्सॲपचे गट ते काम चोख करतात. हा व्यवहार सचोटीचा आणि फायद्याचा आहे. शेजारच्या पडद्यावर कोणता चित्रपट लागून गेला, याचा मात्र स्थानिक अमेरिकी प्रेक्षकाला पत्ताही नसतो. मराठी चित्रपटाचे वर्तुळ याहूनही लहान. महाराष्ट्र मंडळाने शनिवार-रविवारी ठरवलेले एक-दोन खेळ, नाट्यप्रयोगासारखी ओळखीच्यांकडून केलेली तिकीटविक्री, आणि ‘सातासमुद्रापार हाउसफुल्ल’ ही इकडची बातमी!

घरचा बाजार कितीही मोठा असला, तरी तो आपोआप उंबरठा ओलांडत नाही, याचे ठळक उदाहरण चीनचे आहे. ‘न झा २’ने २०२५ मध्ये जगभरात दोनशे कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला, त्यातला अमेरिकेचा वाटा जेमतेम एक टक्का होता.

मग उंबरठा ओलांडला तो कोणी, आणि कसा? जपानच्या यशाचे रहस्य चित्रपटगृहात नसून घरात आहे. दूरदर्शन वाहिन्या, कॉमिक्स आणि नंतर स्ट्रीमिंग यांच्यामार्फत दोन-तीन दशके अमेरिकी मुले जपानी ॲनिमेशनवर वाढली. सोनी या जपानी कंपनीने २०२१ मध्ये क्रंचिरोल ही स्ट्रीमिंग सेवा सुमारे ११७ कोटी डॉलर मोजून विकत घेतली, ती हा तयार प्रेक्षक हाती यावा म्हणूनच. ‘डेमन स्लेअर’चे अमेरिकेतील वितरणही क्रंचिरोलच्याच नावाने झाले. पेरणी जुनी होती. चित्रपटगृहात फक्त कापणी झाली.

कोरियाचा मार्ग वेगळा. ‘पॅरासाइट’ला मे २०१९ मध्ये कान महोत्सवात पाम द’ओर मिळाले. ऑक्टोबरमध्ये निऑन या तुलनेने लहान वितरकाने तो न्यूयॉर्क व लॉस एंजेलिसमधील केवळ तीन चित्रपटगृहांत लावला. समीक्षा, चर्चा आणि पुरस्कार यांच्या गतीने पडदे वाढवत नेले. ऑस्करनंतर ते दोन हजारांच्या घरात गेले. उपशीर्षकांवरही तेवढीच मेहनत होती. ‘जापागुरी’ हा दोन प्रकारच्या तयार नूडल्स एकत्र करून केलेला पदार्थ परक्यांना कळावा, म्हणून अनुवादक डार्सी पॅकेट यांनी ‘रामेन’ व ‘उदोन’ यांच्या जोडणीतून ‘राम-डॉन’ असा शब्दच घडवला. उपशीर्षके शेवटच्या आठवड्यात उरकायची बाब मानणाऱ्या आपल्याकडच्या निर्मात्यांनी ही एवढीशी गोष्ट ध्यानात घ्यावी.

प्रेक्षक पूर्वी नव्हताच, असेही नाही. झांग यिमो यांचा ‘हिरो’ २००२ चा. अमेरिकी वितरकाने तो दोन वर्षे अडवून ठेवला. ऑगस्ट २००४ मध्ये प्रदर्शित होताच तो तिकीटबारीवर पहिल्या क्रमांकावर गेला. शंका प्रेक्षकाच्या मनात नव्हती, दारवानाच्या मनात होती. अलीकडे दारवान मऊ झाला आहे, यामागे रसिकतेबरोबर रिकाम्या खुर्च्यांचाही हिशेब आहे. महासाथीपूर्वी, २०१९ मध्ये, अमेरिकेची वार्षिक तिकीटविक्री अकराशे कोटी डॉलरहून अधिक होती. २०२४ मध्ये ती नऊशे कोटींपर्यंतही पोहोचली नाही. त्यातच २०२३ मध्ये लेखक आणि कलाकार यांच्या संपांनी हॉलिवूडची वेळापत्रके विस्कटली. ‘गॉडझिला मायनस वन’ आणि मियाझाकी यांचा ‘द बॉय अँड द हेरॉन’ यांना त्या वर्षीच्या डिसेंबरात मिळालेले पडदे या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजेत.

या दोन प्रवाहांमधला पूल भारताकडून एकदा बांधला गेला. ‘आरआरआर’ मार्च २०२२ मध्ये नेहमीप्रमाणे अनिवासी भारतीयांसाठी लागला आणि उतरला. नंतर १ जून रोजी व्हेरिअन्स या छोट्या वितरकाने तो निवडक चित्रपटगृहांत एका रात्रीपुरता, खास अभारतीय प्रेक्षकांसाठी पुन्हा लावला. पुढचा ‘नाटू नाटू’चा ऑस्करपर्यंतचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे. चित्रपट तोच होता. प्रदर्शनाची रीत बदलली, तसा प्रेक्षक बदलला. ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका त्या वर्षी ‘छेल्लो शो’ होती, हा उपहास वेगळाच.

दाराबाहेर धोकेही उभे आहेत. परदेशात निर्मिलेल्या चित्रपटांवर शंभर टक्के आयातशुल्क लावण्याची घोषणा अध्यक्ष ट्रम्प यांनी २०२५ मध्ये मे आणि सप्टेंबर अशी दोनदा केली. चित्रपट आता डब्यांतून बंदरावर उतरत नाही, तेव्हा शुल्क नेमके कशावर, हा प्रश्न आहेच. पण नुसत्या धास्तीनेही तीन पडद्यांपासून सुरुवात करणारा वितरक हात आखडता घेऊ शकतो. कॅनडात तर प्रकरण गोळ्यांवर गेले. ओंटॅरिओतील ओकव्हिल येथील एका चित्रपटगृहावर सप्टेंबर २०२५ च्या अखेरीस व ऑक्टोबरच्या आरंभी जाळपोळ आणि गोळीबार झाल्यावर तेथून भारतीय चित्रपट काढून घेण्यात आले. एकाच समाजाच्या जिवावर चालणारा पडदा किती सहज अंधारतो, हे त्यातून दिसले.

मराठीची गाठ या साऱ्याशी जुनी आहे. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये तेथेच गौरवला गेला आणि ‘द डिसायपल’ला २०२० मध्ये तेथे पटकथेचा पुरस्कार मिळाला, पण जगभरचे प्रेक्षक त्याला भेटले ते नेटफ्लिक्सवर. पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’मध्ये मल्याळम आणि हिंदीबरोबर मराठीही आहे, छाया कदम यांची पार्वती मुंबई सोडून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. कानच्या मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी शिरलेल्या या भारतीय चित्रपटाने २०२४ मध्ये ग्रां प्री मिळवले. त्यात पैसा फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि इटलीचाही होता. युरोपीय सहनिर्माते बरोबर असल्याने पुढची दारे ठोठावणारे हात आधीच नेमलेले होते.

असे हात शोधण्याची जागा भारतात आहे, आणि ती पणजीतच आहे. २००४ पासून इफ्फी गोव्यात भरतो. २००७ पासून त्याच्या जोडीने फिल्म बाजार. ‘द लंचबॉक्स’च्या निर्मात्यांत हा बाजार भरवणारे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळही होते. दर नोव्हेंबरात परदेशी विक्री-प्रतिनिधी मांडवीकाठी येतात, तेव्हा स्थानिक वृत्तपत्रांचे रकाने मात्र लाल गालिच्यावरच्या ताऱ्यांनी भरतात. जानेवारी २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने सनडान्समध्ये जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च परीक्षक पुरस्कार घेतला. वडिलांच्या मृत्यूनंतर दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुलगा, त्याने काय पाळायचे आणि काय नाही, याचे घरातील वाद, आणि लहानपणीच्या मित्राशी पुन्हा जुळणारी जवळीक. हे सारे युटातल्या थंडीत बसलेल्या लोकांना मराठीतच ऐकू आले, आणि समजावून सांगायला मध्ये कोणी वार्ताहर नव्हता.