तव्याचा ताळेबंद
(तृतीय वर्ष, वाणिज्य)

"तवा हा काय लेखाचा विषय झाला?" असे कोणी तरी विचारणार, हे धरूनच मी लिहावयास बसले आहे. महाविद्यालयाच्या वार्षिकात परीक्षापद्धती, बेकारी, युवकांपुढील आव्हाने असे भारदस्त विषय असावेत, हे मला मान्य आहे. परंतु एखाद्या वस्तूची किंमत कशाने ठरते, ती कशाने वाढते आणि कोणामुळे वाढते, याचा विचार वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने करू नये, तर कोणी करावा? मिक्सर वापराने झिजतो, कुकरचे रबर सैल होते, स्टीलच्या डब्याला पोचे पडतात. स्वयंपाकघरात वापराने चांगली होत जाणारी वस्तू मला एकच ठाऊक आहे, ती म्हणजे बिडाचा तवा. तो घ्यावा कसा, मुरवावा कसा, हे तर मी सांगणारच आहे; पण माझे खरे म्हणणे त्यापुढचे आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करते. आमच्या वर्गातील एका मैत्रिणीची अशी प्रामाणिक समजूत होती, की बिडाचा तवा म्हणजे बीड जिल्ह्यातून येणारा तवा. आपण तर आबिड्सला राहतो, म्हणजे तिच्या हिशेबाने तवा दारातच पिकावयास हवा! आबिड्सचे नाव पडले ते आल्बर्ट आबिद याच्या दुकानावरून. हा गृहस्थ सहाव्या निजामाच्या पदरी होता. त्याचा तव्याशी संबंध नाही, आणि बीड जिल्ह्याचाही नाही. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आमच्या सीमाभागातील कन्नडमध्येही 'बीडु कब्बिण' म्हणतात, त्यामुळे वार्षिकाच्या दुसऱ्या विभागातील वाचकांना हा शब्द परका वाटू नये. लोखंडात कार्बनचे प्रमाण शेकडा दोनच्या वर गेले, की ते साच्यात ओतण्यास सोपे होते, मात्र ठिसूळही होते. म्हणून पत्र्याचा तवा हातातून पडला तर वाकतो, आणि बिडाचा पडला तर तडकतो.

बिडाच्या वस्तूंवर लोकांचा विश्वास पूर्वीपासून होता असेही नाही. गेल्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष पसरेल अशी शेतकऱ्यांची भीती होती, आणि पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, आणि कोल्हापूर-सांगलीकडे ओतकामाचे कारखाने वाढले. आज गिऱ्हाईकाची समजूत अगदी उलट झाली आहे. बिडाचे म्हटले, की ते शुद्ध, आरोग्यदायी, आजीच्या हातचे! या दोन्ही समजुती तपासून घ्याव्यात असे मला वाटते.

आता खरेदीकडे वळू. आबिड्सच्या मोठ्या दुकानांत तवा खोक्यात मिळतो, आणि खोक्यावर 'प्री-सीझन्ड' असे छापलेले असते. म्हणजे कारखान्यातच तेल लावून भाजलेला. आबिड्सहून मोअज्जम जाही मार्केटवरून पायी निघाले, की थोड्या वेळात बेगम बाजार लागतो. तेथे भांड्यांच्या दुकानांत तवे एकावर एक रचलेले असतात आणि हातात घेऊन पाहता येतात. माझे मत विचाराल, तर तवा हाताळून घ्यावा. बोटाच्या पेराने ठोकून पाहावा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बद्द आला तर कोठे तरी चीर आहे असे समजावे. पृष्ठभाग थोडा खरखरीत असला तरी चालतो, कारण वाळूच्या साच्यातून निघालेली वस्तू तशीच असते. पण खड्डे असू नयेत, त्यांत पीठ अडकते. तवा सपाट जागी ठेवून डुलतो का ते पाहावे. जाडी सगळीकडे सारखी असावी, नाही तर एका बाजूचे धिरडे करपते आणि दुसरी बाजू कच्ची राहते. लोहचुंबक नेण्याचे कारण नाही. तो पत्र्यालाही चिकटतो आणि बिडालाही. आणि शेवटची गोष्ट म्हणजे भरलेला तवा एका हाताने उचलून पाहावा. जो रोज उचलणार आहे त्याच्याच हाताने. बहुतेक घरांत खरेदीला जाणारा हात वेगळा असतो आणि उचलणारा वेगळा.

नव्या तव्यावर गंज चढू नये म्हणून तेल, मेण किंवा काळा लेप लावलेला असतो. तो गरम पाणी, साबण आणि काथ्याने घासून काढावा. दक्षिणेकडील घरांत यानंतर तवा दोन-तीन दिवस तांदळाच्या धुवणात किंवा पेजेत बुडवून ठेवतात आणि पाणी रोज बदलतात. मग तो धुऊन, विस्तवावर धरून पूर्ण कोरडा करावयाचा. त्यावर तेलाचा हात फिरवावयाचा, आणि लगेच कोरड्या फडक्याने जणू काही लावलेच नव्हते इतका पुसून घ्यावयाचा. नंतर धूर निघेपर्यंत तापवावयाचा, निववावयाचा, आणि हेच पुन्हा करावयाचे. अर्धा कांदा तेलात बुडवून तापल्या तव्यावर घासण्याची रीत आहे, तीही चांगली. तेल सारखे पसरते. तेल जाड लावले तर तवा चिकट होतो आणि त्यावर धूळ बसते. आम्ही तिघी मैत्रिणी आबिड्सजवळ खोली घेऊन राहतो. आमच्या तव्याला पहिले धिरडे न फाटता सुटावयास अकरा दिवस लागले.

यात जादू नाही. उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन यांच्यामुळे तेलाचे रेणू एकमेकांत गुंततात आणि लोखंडावर कडक थर धरतात. तैलचित्राचा रंग वाळून कडक होतो, तीही याच जातीची क्रिया आहे. जवस व करडई या तेलांचा असा थर लवकर बनतो. पैकी जवसाचा थर पापुद्रे धरून सुटतो अशी तक्रार ऐकू येते. करडईचे किंवा भुईमुगाचे तेल आपल्याकडे पुरेसे आहे. एक थर म्हणजे जवळजवळ काहीच नाही. रोजच्या वापराने असे अनेक थर बसले, म्हणजे तवा काळाभोर आणि गुळगुळीत होतो. मराठीत आपण म्हणतो तवा मुरला. कन्नडमध्ये 'पळगिसु' असे क्रियापद आहे. जनावर माणसाळवणे आणि नवख्या हाताला सराव लावणे, या दोन्हींसाठी ते वापरतात, आणि आमच्याकडे तव्यासाठीही. मला हा शब्द अधिक आवडतो, कारण माणसाळवणारे कोणी तरी असावे लागते, हे त्यातच आले.

मुरलेला तवाही सांभाळावा लागतो. रात्री ओला ठेवला, तर सकाळी तांबूस होतो. चिंच किंवा टोमॅटो त्यावर उकळले, तर थर उतरतो. हैदराबादी खट्टी दाळीसाठी दुसरे भांडे घ्यावे हे बरे. थोडा साबण लागल्याने काही बिघडत नाही, परंतु तारेच्या घासणीने बिघडते. भाकरीचा तवा वेगळा ठेवावा, कारण कोरड्या भाजणीत तेलाचा थर जळून जातो.

आरोग्याचे म्हणाल, तर त्यात तथ्य आहे, पण माफक. १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लोखंडी भांड्यात शिजवलेल्या बहुतेक पदार्थांत लोहाचे प्रमाण वाढलेले आढळले. आंबट, ओलसर आणि बराच वेळ शिजणाऱ्या पदार्थांत ते अधिक वाढले. म्हणजे नेमके तेच पदार्थ, जे मुरलेल्या तव्याला सोसत नाहीत! दोन मिनिटे भाजलेल्या धिरड्यातून फार काही मिळणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातील ५७ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. या आजारावर तवा हा उपाय म्हणून कोणी सांगू लागले, तर मी त्यावर विश्वास ठेवणार नाही.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते. आमचे घर बीदर जिल्ह्यातील भालकीकडचे. वडील आणि काका यांची वाटणी झाली, तेव्हा भांड्यांची यादी केली होती. तांब्याचे हंडे, पितळी घागरी, परात, सर्व वजनासह लिहिले होते. यादीच्या शेवटी 'लोखंड, किरकोळ' अशी एक ओळ होती. आजीचा तवा त्या ओळीत होता. त्या तव्यावर धपाटे नुसते सरकत असत, आणि पाहुणे तव्याची तारीफ करीत. यादीतले किरकोळ लोखंड भंगारवाल्याने नेले, वजनावर. आजीने एवढेच विचारले, "माझा तवा कुणाकडं गेला?" याचे उत्तर कोणापाशी नव्हते. काकूंनी नवा तवा आणला, आणि पुढे कित्येक महिने त्यांचे धपाटे चिकटत राहिले.

आम्हांला हिशेबशास्त्रात 'ख्याती' शिकवतात. एखाद्या पेढीने वर्षानुवर्षे सचोटीने धंदा करून नाव कमावले, तर त्या नावाला किंमत असते. परंतु स्वतः निर्माण केलेली ख्याती ताळेबंदात मालमत्ता म्हणून दाखवता येत नाही. भारतीय लेखामानक क्रमांक २६ तसे स्पष्ट सांगते. पेढी विकली गेली आणि घेणाऱ्याने जास्त पैसे मोजले, तरच ती त्याच्या वहीत चढते. आजीच्या तव्याचे नेमके हेच झाले. लोखंडाची किंमत भंगारवाल्याने केली. त्यावर चाळीस वर्षे बसलेला थर कोणत्याच वहीत नव्हता, म्हणून वाटणीत तो कोणाला दिसलाही नाही. लेखामानकाला दोष देता येत नाही. जे मोजता येत नाही ते लिहू नये, हा त्याचा न्याय आहे. परंतु घर म्हणजे काही पेढी नव्हे. घरात न लिहिलेलेही ओळखता यावे.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसातील सरासरी २९९ मिनिटे बिनमोबदल्याच्या घरकामात जातात, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७, असे तीत दिसले. शिवाय शंभर पुरुषांतील सुमारे २६ च जण असे काम करतात असेही आढळले. २०२४ च्या पाहणीत स्त्रियांची मिनिटे २८९ झाली. पाच वर्षांत दहा मिनिटे! तवा धुणे, वाळवणे, तेलाचा हात फिरवणे या कामाला रोज पाच-सात मिनिटे लागतात. बिडाचा तवा घरात आला, की ती मिनिटे कोणत्या रकान्यात जातील, हे सांगण्यास ज्योतिषी नको.

म्हणूनच 'निर्लेप'ला नावे ठेवणाऱ्यांशी माझे पटत नाही. १९६८ साली औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, हा उद्योग सुरू झाला, आणि मराठी घरांत न चिकटणाऱ्या तव्याला निर्लेप हेच नाव पडले. असा तवा फार तापवू नये, सुमारे २६० अंशांपुढे त्याचा थर खराब होऊ लागतो, आणि काही वर्षांनी तो टाकावा लागतो, हे खरे. त्याला घसारा आहे. परंतु जिला सकाळी सातची बस गाठावयाची आहे, तिने पुसून ठेवून देण्याजोगा हलका तवा घेतला, तर नाक मुरडण्याचा अधिकार नुसत्या जेवणाऱ्याला नाही. "आमच्या आईच्या वेळी असे नव्हते" हे वाक्य बहुधा तव्याला कधी हात न लावलेला माणूसच बोलतो.

यावर कोणी म्हणेल, की मग बिडाचा तवा घेऊच नये काय? अवश्य घ्यावा. आम्ही घेतला आहे, आणि त्याच्यावर आमचा जीव आहे. पण आमच्या खोलीत एक नियम आहे: शेवटचे धिरडे जिच्या ताटात, तवा तिने पुसावयाचा. वर्षभर हा नियम भांडणाशिवाय चालला आहे. मुलांच्या खोल्यांतही असे नियम असतात, हे मला ठाऊक आहे. आबिड्स-कोठीच्या परिसरात खोली करून राहणारे आमचे वर्गबंधू उत्तम स्वयंपाक करतात आणि भांडीही घासतात. सुट्टीत गावी गेल्यावर मात्र तेच हात पाटावर बसतात. जो सराव येथे होतो, तो बसमध्ये बसताच कसा सुटतो, याचे उत्तर त्यांनी पुढील अंकात द्यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

बेगम बाजारातून तवा आणणे हे तासाभराचे काम आहे. पुढची चाळीस वर्षे तो पुसणार कोण, हे दुकानदार सांगत नाही. ते घरातल्या सर्वांनी मिळून तवा घेण्यापूर्वी ठरवावे.