वन बीएचकेमध्ये कासव पाळता येतं का? कायदा काय म्हणतो आणि टाकी केवढी लागते?

मत्स्यालयाच्या दुकानात काचेच्या टाकीत हिरवी पिल्लं एकमेकांच्या पाठीवर चढत असतात. आकार बिस्किटाएवढा, डोळ्यांमागे लाल पट्टा, किंमत काही शे रुपये. वसई-विरारमधल्या लहान फ्लॅटमध्ये कुत्र्यावरून सोसायटी कुरकुर करते, मांजर घरमालकाला नको असतं. कासव मात्र भुंकत नाही, केस गाळत नाही, फिरवायला न्यावं लागत नाही. मुलाच्या हट्टापायी ते घरी येतं.

काही वर्षांत तेच कासव ताटलीएवढं होतं. टाकी पुरत नाही, पाण्याला वास येतो, मुलाची दहावी आलेली असते. मग घरात प्रश्न निघतो, आता याला सोडायचं कुठे?

सोयीचं उत्तर शहराबाहेरच दिसतं. शिरसाड फाट्यावरून अंबाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मांडवी, चांदीप, पारोळ अशी गावं लागतात. एकीकडे तुंगारेश्वरचं जंगल, दुसरीकडे तानसा नदीचं खोरं, मध्ये भातशेती आणि पाण्याच्या जागा. 'तिथे निसर्गात मोकळं राहील' असं वाटणं साहजिक आहे. पण पाळलेलं कासव सोडण्यासाठी हीच सर्वांत चुकीची जागा आहे. का, ते समजून घेण्यासाठी सुरुवात दुकानापासून करावी लागेल.

कोणती कासवं पाळणं गुन्हा आहे?

आपल्याकडच्या जंगलात, नदीत, तळ्यात आढळणारं कासव घरी आणायचंच नाही, हा साधा नियम लक्षात ठेवला तरी पुरे.

पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव घरात ठेवलं की बरकत येते, अशी समजूत आहे. याच समजुतीमुळे आणि परदेशातल्या मागणीमुळे त्याची मोठी तस्करी होते. 2019 मध्ये साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळपास बंद झाला. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये 2022 साली झालेली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तेव्हापासून स्टार कासव अनुसूची 1 मध्ये आहे. वाघही त्याच अनुसूचीत आहे.

भातशेतीच्या, तळ्याच्या चिखलात राहणारं फ्लॅपशेल कासवही अनुसूची 1 मध्येच येतं. मागचे पाय आत ओढले की त्यावर कातडीची झाकणं बंद होतात, ही त्याची ओळख. पावसाळ्यात ते शेताच्या बांधावर, कधी रस्त्यावरही दिसतं. 'सापडलं म्हणून घरी आणलं' ही सबब इथे चालत नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत प्राणी पकडणं हीसुद्धा शिकारच आहे. अनुसूची 1 मधल्या प्राण्याच्या बाबतीत गुन्हा सिद्ध झाला तर किमान 3 आणि कमाल 7 वर्षं तुरुंगवास आणि किमान 25 हजार रुपये दंड होऊ शकतो.

मग दुकानातलं कासव चालतं का?

दुकानात दिसणारं लाल पट्ट्याचं कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. मूळचं अमेरिकेच्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. भारतीय वन्यजीव कायद्याच्या अनुसूचींत ते नाही. त्यामुळे स्टार कासव बाळगल्यावर जशी कारवाई होते, तशी स्लायडर घरात असल्यामुळे होत नाही.

2024 च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने विदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आणले. ते अनुसूची 4 मधल्या, म्हणजे साइटिसच्या यादीत असलेल्या प्राण्यांसाठी आहेत. स्लायडर त्यातही बसत नाही. म्हणून तो सहज विकला जातो, सहज विकत घेतला जातो आणि कुणाकडे किती आहेत याची नोंद कुठेच होत नाही.

'लहान जात निवडा' हा सल्ला इथे का चालत नाही?

यूट्यूबवर शोधलं तर परदेशी कासवप्रेमी सांगतात, जागा कमी असेल तर लहान राहणारी जात घ्या. त्यांची पहिली शिफारस असते मस्क टर्टल. पूर्ण वाढ होऊनही हे कासव साधारण 10 ते 13 सेंटिमीटरचं राहतं.

भारतात अडचण अशी की मस्क टर्टलचा अख्खा गट 2022 मध्ये साइटिसच्या दुसऱ्या परिशिष्टात गेला. परवान्याशिवाय ते देशात आणता येत नाही. इन्स्टाग्रामवर 'कागदपत्रं नंतर देतो' म्हणून कुणी विकत असेल, तर ते नंतर कधीच मिळणार नाहीत असं समजायला हरकत नाही.

दुसरी युक्ती म्हणजे नर स्लायडर घेणं, कारण नर मादीपेक्षा लहान राहतो. नर साधारण 20 सेंटिमीटरपर्यंत, तर मादी 25 ते 28 सेंटिमीटरपर्यंत वाढते. पण दुकानात मिळतात ती तीन-चार सेंटिमीटरची पिल्लं. त्या वयात बाहेरून बघून नर-मादी ओळखता येत नाही.

म्हणजे लहान आणि कायदेशीर असा पर्याय सामान्य ग्राहकापुढे जवळपास नसतोच. जो सहज मिळतो, तो मोठा होणारा आहे.

नेमकी किती जागा लागते?

पाळणारे एक ढोबळ हिशेब वापरतात. कवचाच्या प्रत्येक इंचामागे सुमारे 40 लिटर पाणी. 10 इंचांच्या मादीला 400 लिटर.

पाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल पाणी घेतलं तर साधारण 425 लिटर होतं. म्हणजे एका दिवाणाएवढी जागा. वजन नुसत्या पाण्याचंच सव्वाचारशे किलो, काच आणि स्टँड वेगळं. दुकानात कासवासोबत मिळणारा प्लॅस्टिकचा डबा, त्यातलं नारळाचं झाड आणि छोटा जिना यांचा या हिशेबाशी काही संबंध नाही.

दर आठवड्याला पाव भाग पाणी बदलायचं म्हटलं तर 100 लिटर. ज्या सोसायटीत टँकरची वाट बघावी लागते, तिथे हे 100 लिटर घरातल्या भांडणाचं कारण होऊ शकतं. कासव माशापेक्षा कितीतरी जास्त घाण करतं, त्यामुळे फिल्टरही टाकीच्या आकाराला सांगितलेल्या क्षमतेच्या दुप्पट लागतो.

पाण्याइतकीच कोरड्या जागेची गरज असते. स्लायडरला रोज पाण्याबाहेर येऊन पूर्ण कोरडं व्हावं लागतं. तिथे ऊन आणि अतिनील-बी किरणं मिळाली नाहीत तर शरीर कॅल्शियम वापरू शकत नाही आणि कवच मऊ पडतं. बंद खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन दिसायला ऊन असतं, पण ही किरणं काचेत अडतात. म्हणून खिडकीजवळ ठेवलेली टाकी पुरत नाही. खास दिवा लागतो आणि तो पेटत असला तरी सहा महिने ते वर्षभरात बदलावा लागतो.

शिवाय हा प्राणी 20 ते 30 वर्षं जगतो, कधी त्याहून जास्त. सात वर्षांच्या मुलासाठी आणलेलं कासव त्या मुलाच्या लग्नातही घरात असू शकतं.

घरात लहान मूल असेल तर?

कासव निरोगी दिसत असतानाही त्याच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला जिवाणू असू शकतात. लहान मुलं कासव तोंडाला लावतात, म्हणून अमेरिकेने 1975 मध्येच चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे विकली जातात ती नेमकी याच आकाराची. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर कासव न आणणंच बरं. आधीपासून असेल तर हात लावल्यावर साबणाने धुणं आणि टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न ओतणं, एवढं तरी पाळावं.

तळ्यात सोडलं तर बिघडतं काय?

रेड-इअर्ड स्लायडरचं नाव जगातल्या 100 सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. युरोपीय संघाने 1997 मध्येच त्याची आयात थांबवली. ते मासे, बेडकांची पिल्लं, शेवाळ, पाणवनस्पती असं जवळपास सगळं खातं. स्थानिक कासवांचं अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावतं, शिवाय टाकीतले रोग सोबत नेतं. केरळमध्ये ओढ्या-कालव्यांत ही कासवं सापडू लागल्यावर पीची इथल्या केरळ वन संशोधन संस्थेने लोकांना ती सोडू नका, आमच्याकडे आणून द्या असं सांगायला सुरुवात केली.

चांदीपसारख्या पट्ट्यात हा धोका जास्त गंभीर आहे. शहरातल्या बंदिस्त तलावातून कासव सहसा फार लांब जात नाही. इथे मात्र पावसाळ्यात शेतं, ओढे आणि नदी यांचं पाणी एक होतं. एका तळ्यात सोडलेलं कासव पुढे कुठेही पोहोचू शकतं आणि त्याच चिखलात कायद्याने वाघाइतकं संरक्षण दिलेलं फ्लॅपशेल राहतं. ज्याला पकडलं तर तुरुंग, त्याच्याच घरात परका भिडू नेऊन सोडण्यासारखं हे आहे.

2022 च्या दुरुस्तीने आक्रमक विदेशी प्रजातींची आयात, व्यापार आणि बाळगणं यांवर नियंत्रण आणण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. दुकानातल्या टाकीपर्यंत तो अधिकार पोहोचला तर अर्धा प्रश्न तिथेच सुटेल.

मग करायचं काय?

अजून घेतलं नसेल तर लहान फ्लॅटसाठी उत्तर सरळ आहे, कासव घेऊ नका. पाण्यातलं काही हवंच असेल तर मध्यम टाकीतले छोटे मासे जागेत, पाण्यात आणि खर्चात बसतात.

आधीच घरात असेल तर टाकी मोठी करा. काचेची परवडत नसेल तर मोठा प्लॅस्टिकचा टब चालतो. बाल्कनीत ठेवल्यास अर्धा भाग सावलीत हवा, कारण मे महिन्याच्या उन्हात उथळ पाणी तापून कासव मरू शकतं. बाल्कनीवर एवढं वजन टाकण्याआधी सोसायटीला विचारा. नर-मादी जोडी करू नका.

सांभाळणं शक्यच नसेल तर पुरेशी टाकी असलेला पाळणारा शोधा, किंवा वन विभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर विचारून मान्यताप्राप्त बचाव संस्थेची माहिती घ्या. लगेच कुणी घेईलच असं नाही, थांबावं लागेल. स्टार कासव किंवा शेतातून आणलेलं कासव घरात असेल तर ते गुपचूप सोडू नका, वन विभागालाच कळवा.

आपल्याकडे देवळाच्या गाभाऱ्यासमोर कासव असतं, पण ते दगडाचं. बरकतीसाठी हवं असेल तर तेच बरं. त्याला टाकी लागत नाही, दिवा लागत नाही आणि कंटाळा आला म्हणून त्याला चांदीपच्या तळ्यात नेऊन सोडावं लागत नाही.