दाजींचे शनिवार

खेळ या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार फारच तोकडा आहे. शाळेत कबड्डीच्या वेळी मी नेहमी समोरच्या संघात जात असे, आणि तेही आमच्या संघाच्या आग्रहावरून. आता कॉलेजात मराठी शिकवतो. क्रीडा विभागाशी माझा संबंध येतो तो गॅदरिंगला जादा खुर्च्या मागण्यापुरता. तरीही यंदा दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे फुटबॉल ठेवतो आहे, आणि तोही आपल्या ओळखीचा नव्हे, अमेरिकेतल्या कॉलेजांचा. याला कारण आमचे दाजी.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. मूळचे सांगलीचे. 1990 साली मिशिगन विद्यापीठात एम.एस. करायला ॲन आर्बर या गावी गेले आणि तिथलेच झाले. स्वभावाने इतके शांत, की आमटीत मीठ नसले तर ते मीठ मागत नाहीत, लोणचे मागतात. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांचा आवाज चढलेला ताईने ऐकला नाही. "शनिवार सोडून," असे ती पुढे म्हणाली होती. पण तेव्हा मला वाटले, दाजींना शनीची साडेसाती वगैरे असेल.

2015 च्या ऑक्टोबरात आईला ताईकडे पोहोचवायला म्हणून मी तिकडे गेलो, तेव्हा या वाक्याचा उलगडा झाला.

पोहोचल्यावर पहिल्याच शुक्रवारी दाजींनी मला त्यांच्या विद्यापीठाचे मैदान बाहेरून दाखवले. 1927 साली बांधलेले. आपल्या वानखेडेसारखी तीन मैदाने भरतील इतकी माणसे त्यात मावतात. जागांचा अधिकृत आकडा 1,07,601. यातला शेवटचा 'एक' फ्रिट्झ क्रिसलर या जुन्या मार्गदर्शकाच्या मानाचा, आणि ती जागा नेमकी कोणती हे गुपित आहे, असे तिथे सांगतात. माझ्या मनात वेगळेच गणित चालले होते. एवढी माणसे येतात ती विद्यार्थ्यांचा खेळ बघायला! माझ्या वर्गाच्या पटावर एकशेवीस नावे असतात आणि तीस मुले आली तर मी हवामानाची चौकशी करतो.

"तुम्हाला हे वेड लागलं कसं?" मी विचारले.

दाजी कुंपणाच्या गजाला धरून उभे होते. म्हणाले, "इथं आलो तेव्हा पहिले दीड महिना मी कुणाशी कामाखेरीज शब्द बोललो नव्हतो. मग लॅबमधला एकजण ओढून मॅचला घेऊन आला. खेळ मला ओ की ठो कळत नव्हता. आपल्या लोकांनी गुण मिळवला आणि शेजारच्या एका दाढीवाल्यानं मला मिठी मारून उचललंच. ओळख ना पाळख. घर सोडल्यापासून कुणाचा हात अंगाला लागला नव्हता रे." एवढे बोलून ते गाडीकडे वळले.

दुसरा दिवस शनिवार, 17 ऑक्टोबर. नवरात्र चालू होते. ताईने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात घट बसवले होते आणि आई नंदादीपाला तेल घालीत होती. बाहेरच्या खोलीत वेगळेच अनुष्ठान मांडले जात होते. दाजी पिवळ्या-निळ्या रंगाचा एक स्वेटर घालून आले. हा स्वेटर सप्टेंबर ते नोव्हेंबर धुवायचा नसतो, अशी माहिती ताईने नाकाला पदर लावून दिली. मग जागांचे वाटप झाले. कुणी कुठे बसायचे ते ठरले आणि सामना संपेपर्यंत जागा बदलायची नाही असे बजावण्यात आले. मागे एकदा ताई पोळ्या लाटायला उठली आणि सामना हरला, असा पूर्वेतिहास होता.

"देवापुढे हात जोडा म्हटलं तर जावईबापू विज्ञान सांगतात," आई माझ्या कानात म्हणाली, "आणि हे काय रे?"

सामना होता मिशिगन स्टेटशी. हे दुसरे विद्यापीठ शंभरेक किलोमीटरवरच्या ईस्ट लान्सिंगचे, म्हणजे भाऊबंदकीच. दाजी आईला नियम समजावू लागले. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांचा. चेंडू शेवटच्या रेघेपार नेला की सहा गुण. चौथ्या प्रयत्नाला जमण्याची आशा नसेल तर चेंडू लाथेने लांब मारून द्यायचा, म्हणजे समोरच्यांना दुरून सुरुवात करावी लागते.

"म्हणजे सगळा वेळ हातात धरून पळायचं, आणि देऊन टाकायचा झाला की पायानं मारायचा," आई म्हणाली. "मग याला फुटबॉल कशाला म्हणायचं?"

दाजी एरवी हसले असते. पण त्यांचे लक्ष नव्हते. ते ओरडत होते, उठत होते, पंचाला चक्क सांगली भागातल्या शिव्या देत होते. ताई अगदी निवांत बसली होती. घरात दर वर्षी पूर येतोच, अशा बाईचा तो निवांतपणा होता.

सामना संपत आला. मिशिगन 23, स्टेट 21. दहा सेकंद उरलेले, चेंडू मिशिगनचा, चौथा प्रयत्न. आता फक्त चेंडू लाथेने दूर भिरकावून द्यायचा, की संपले. त्या कामाला ब्लेक ओ'नील नावाचा ऑस्ट्रेलियातून आलेला मुलगा होता. त्याच सामन्यात त्याने 80 यार्डांची एक अचाट लाथ मारली होती. चेंडू त्याच्याकडे जरा खाली आला आणि हातातून निसटला. तो उचलून घाईने मारायला गेला, तेवढ्यात अंगावर माणसे आली. चेंडू उडाला तो थेट स्टेटच्या जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात. तो 38 यार्ड पळत सुटला आणि रेघेपार जाऊन पडला. घड्याळात शून्य. स्टेट 27, मिशिगन 23. सामनाभर जे एकदाही पुढे नव्हते ते जिंकले होते. तो पळालेला मुलगाही धड सुटला नाही. रेघेपार पडता पडता त्याचा खुबा निखळून मोडला.

मला वाटले, आता दाजी टीव्ही फोडणार. त्यांनी चष्मा काढला, पुसला, डबीत घातला. डबी मिटल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. मग ते उठून गॅरेजमध्ये गेले.

मी मागोमाग निघालो तशी ताईने हात धरला. "बसू दे त्यांना गाडीत थोडा वेळ."

"अगं, पण एका खेळासाठी..."

"तुला ठाऊक नाही," ती म्हणाली आणि मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. "2007 साली ऑगस्टमध्ये सासूबाई गेल्या, आठवतंय ना? हे पोहोचले तोवर सगळं आटोपलेलं. तिसऱ्या दिवसाच्या अस्थी तेवढ्या हाताला लागल्या. तिकडे रडले नाहीत. इकडे परत आले, दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले. लोक म्हणाले, धीराचा माणूस. मी मात्र घाबरले होते. मग एक सप्टेंबरला पहिली मॅच. कॅरोलायनाच्या डोंगरातलं कुठलंसं लहान कॉलेज होतं."

ते कॉलेज ॲपलॅशियन स्टेट. मिशिगनचा संघ तेव्हा देशात पाचवा गणला जात होता आणि हे पाहुणे खालच्या गटातले. ते 34-32 असे जिंकून गेले. शेवटी तीन गुणांसाठी मिशिगनने मारलेली लाथ वाटेतच अडवली गेली.

"मैदानावरून आले ते घरात आलेच नाहीत," ताई सांगत होती. "तासाभराने गॅरेजमध्ये जाऊन बघते तर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हमसून हमसून रडताहेत. पहिल्यांदा माझं डोकंच फिरलं. म्हटलं, आईसाठी डोळ्यांतून टिपूस नाही आणि चेंडूसाठी हे? तसं बोलूनही गेले असते. पण जवळ गेले, तर तोंडानं 'आई, आई' चाललं होतं."

आई नंदादीपाशी बसून ऐकत होती. ती काही बोलली नाही. वात मात्र उगीचच पुढे सारली.

मी वर्षानुवर्षे मुलांना रसचर्चा शिकवतो. रंगभूमीवरचे दुःख पाहून प्रेक्षकाला समाधान कसे मिळते, करुणाचा रस कसा होतो, यावर दोन तास बोलतो आणि मुले वहीत उतरून घेतात. माझी आजी घरात चार मृत्यू पाहूनही सगळ्यांसमोर रडली नाही. पण देवळात हरिश्चंद्राचे आख्यान लागले की पदर भिजेपर्यंत रडायची. आम्ही नातवंडे हसत होतो. त्या रात्री ताईच्या स्वयंपाकघरात मला आजी आठवली आणि माझे दोन तासांचे व्याख्यान फार लांबलेले वाटले.

अर्ध्या तासाने दाजी आत आले. आईने न विचारता चहाचा कप पुढे केला. दोन घोट घेऊन ते म्हणाले, "त्या ऑस्ट्रेलियाच्या पोराजवळ आज कुणी असेल का रे? घर किती लांब त्याचं."

पराभवावर ते एवढेच बोलले.

पुढच्या दोन-तीन दिवसांत कळले, की त्या मुलाला लोकांनी नाही नाही ते लिहून पाठवले होते. अखेर विद्यापीठाच्या क्रीडाप्रमुखांना जाहीर पत्र लिहून चाहत्यांचे कान उपटावे लागले. तो मुलगा माझ्या एखाद्या विद्यार्थ्याएवढा. दाजींनी त्याला स्वहस्ते पत्र लिहिले आणि इंग्रजी तपासायला, का कोण जाणे, मराठीच्या प्राध्यापकाला दिले. चारच ओळी होत्या. त्यांत निसटलेल्या चेंडूचा उल्लेख नव्हता. तुझी ऐंशी यार्डांची लाथ मी पाहिली, एवढेच होते. मी एक स्वल्पविराम घातला आणि परत केले. उत्तर आले की नाही, ते मी पुढे कधी विचारले नाही.

दाजींचे शनिवार त्यानंतरही सोपे गेले नाहीत. ओहायो स्टेट या हाडवैऱ्याकडून 2012 पासून 2019 पर्यंत ओळीने आठ वर्षे हार झाली. 2021 च्या नोव्हेंबरात ती मालिका 42-27 अशी तुटली, तेव्हा फोनवर दाजींपेक्षा ताईच जास्त ओरडत होती. आणि मग 9 जानेवारी 2024 ची सकाळ. तिकडे आठ तारखेची रात्र. मिशिगनने ह्यूस्टनला वॉशिंग्टन विद्यापीठाला 34-13 असे हरवले होते. 1997 नंतर प्रथमच राष्ट्रीय विजेतेपद.

मी कॉलेजला निघण्याच्या गडबडीत होतो. दाजींचा फोन आला. पलीकडून शब्द नाही, नुसता श्वास. मग हुंदका. मी काही न बोलता फोन कानाला धरून उभा राहिलो. पहिला तास बुडणार हे दिसत होते. तीस मुलांची काय ती सोय झाली.

"हरले का रे?" आईने आतून विचारले.

"जिंकले. सगळ्या देशात पहिले आले."

"बरं झालं बाई." ती बाहेर येऊन खुर्चीत टेकली. जरा वेळाने म्हणाली, "तो लाथ मारणारा मुलगा होता का यात?"

"नाही गं. तो केव्हाच शिकून गेला."

"पण त्याला कळलं असेल ना?"

मी फोन तिच्या हातात दिला. म्हटले, "दाजींनाच विचार."